हरत्या संघाला मार्गदर्शक हवा आहे!

खेळात संघ हरू लागला की पहिली कुऱ्हाड कोसळते ती मार्गदर्शकावर. सगळे खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत, एक माणूस मात्र बदलता येतो. हिशेब सोपा आहे. पण नवा माणूस कशासाठी आणावयाचा, हे ठरविल्यावाचून जे त्याला आणतात, ते दोन वर्षांनी पुन्हा त्याच पेचात सापडतात. आज तुम्हांला सांगावयाची आहे ती हकीकत अमेरिकेतल्या धंदेवाईक बास्केटबॉलची. पण शाळेसाठी हेडमास्तर निवडणाऱ्यांना आणि वर्गात मुले शिकविणाऱ्यांना तिच्यातला पेच परका वाटणार नाही.

आधी तिथली रीत समजून घेऊ. तिथल्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेत, म्हणजे ‘एन.बी.ए.’मध्ये, ३० संघ आहेत. एका हंगामात प्रत्येक संघ एरवी ८२ सामने खेळतो. नव्या दमाचे तरुण खेळाडू दरवर्षी एका निवडीतून संघांना वाटून मिळतात, आणि जो संघ तळाशी असेल त्याला आधी निवड करण्याची संधी अधिक. कोणी मुद्दाम तळ गाठू नये म्हणून २०१९ साली नियम बदलला आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, शंभरात १४, ठेवली. शिवाय पगाराच्या एकूण रकमेलाही मर्यादा असते. मालक श्रीमंत आहे म्हणून सगळे मोहरे एकाच घरी जमविता येत नाहीत.

आता असे पाहा. जो संघ धड वर नाही, धड खाली नाही, त्याची मोठी पंचाईत होते. अजिंक्यपद मिळत नाही आणि चांगली पोरेही वाट्याला येत नाहीत. मग काही संघ धाडस करतात. पिकलेले, नावाजलेले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकतात आणि त्यांच्या बदल्यात कोवळे खेळाडू व पुढच्या वर्षांतले निवडीचे हक्क घेतात. जुनी झाडे काढून नवी कलमे लावावीत, तसे हे काम. याला पुनर्बांधणी म्हणतात. कलम लावले त्या वर्षी आंबा मागावयाचा नसतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. खेळाच्या मालकांना मात्र ते पुनःपुन्हा सांगावे लागते.

अशा वेळी मार्गदर्शक नेमावयाचा म्हणजे काय? ज्याचा धंदाच जिंकण्याचा, त्याला अशा ठिकाणी बसवावयाचे की जिथे दोन-तीन वर्षे विजय दुर्मिळ! बरे, हार मात्र त्याच्याच नावावर मांडली जाणार. मग माणूस कोणता शोधावा?

ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने काय केले ते पाहा. २०१९ च्या जुलैत त्यांनी पॉल जॉर्ज हा नामांकित खेळाडू लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाला दिला. बदल्यात मिळाला एकच वर्ष अनुभव असलेला शे गिल्जस-अलेक्झांडर, दुसरा एक खेळाडू आणि पुढच्या वर्षांतल्या निवडीच्या हक्कांची मोठी थैली. त्याच महिन्यात रसेल वेस्टब्रुक हा त्यांचा दुसरा मोठा गडीही ह्यूस्टनला गेला. २०२० च्या सप्टेंबरात मुख्य मार्गदर्शक बिली डोनोव्हन बाहेर पडले. जागा मोकळी झाली.

तुम्ही म्हणाल, आता एखादे वजनदार नाव आणले असेल. नाही. संघाचे व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी ११ नोव्हेंबर २०२० रोजी मार्क डेगनॉल्ट यांची नेमणूक केली. वय पस्तीस. स्वतः कधी एन.बी.ए.त खेळलेले नाहीत. कॉलेजात असताना ते संघाचे विद्यार्थी-व्यवस्थापक, म्हणजे सामानसुमान आणि सरावाची व्यवस्था पाहणारे. पुढे २०१४ पासून पाच हंगाम त्यांनी थंडरचाच दुय्यम संघ, ओक्लाहोमा सिटी ब्लू, सांभाळला, आणि मग एक वर्ष मुख्य संघात साहाय्यक म्हणून काढले.

या दुय्यम संघाची गंमत अशी, बरं का, की तिथला खेळाडू तयार झाला रे झाला की त्याला वर बोलावणे येते. मार्गदर्शकाचा चांगला गडी जातो आणि उद्याचा सामना उरलेल्यांना घेऊन खेळावा लागतो. आपला हुशार विद्यार्थी वरच्या वर्गात गेला म्हणून शिक्षकाला जसे बरे वाटते, तसे ज्याला वाटते त्यालाच तिथे टिकता येते. पाच वर्षे हे काम केलेल्या माणसाची परीक्षा आणखी कोणती घ्यावयाची?

पण पहिली फळे कडूच होती. २०२०-२१ च्या आखूड हंगामात ७२ पैकी २२ सामने जिंकले, ५० हरले. पुढच्या वर्षी ८२ पैकी २४ जिंकले. २ डिसेंबर २०२१ रोजी तर मेम्फिसने त्यांना १५२ विरुद्ध ७९ असे हरविले. ७३ गुणांची हार! एन.बी.ए.च्या तोवरच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणी हरले नव्हते. दुसऱ्या एखाद्या गावी दुसऱ्या दिवशीच मार्गदर्शकाचा राजीनामा मागितला असता. इथे मागितला नाही. २०२२ च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर चेट होमग्रेन मिळाला. पायाच्या दुखापतीने तो पहिले सबंध वर्ष बसून राहिला. बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स मिळाला, तो पॉल जॉर्जच्या बदल्यात आलेल्या हक्कातून. मग आकडे बोलू लागले: ४०, ५७ आणि ६८ विजय. २०२४ मध्ये डेगनॉल्ट वर्षाचे उत्तम मार्गदर्शक ठरले, आणि २२ जून २०२५ रोजी इंडियाना पेसर्सला सातव्या सामन्यात नमवून थंडरने अजिंक्यपद पटकावले. ७३ गुणांच्या त्या हारीला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

आता याची दुसरी बाजू. डेट्रॉइट पिस्टन्स हा संघही कोवळा होता. त्यांनी २०२३ च्या जूनमध्ये मॉन्टी विल्यम्स यांना सहा वर्षांच्या घसघशीत करारावर आणले. माणूस लहानसहान नव्हे. २०२१ मध्ये फिनिक्स संघाला अंतिम फेरीत नेलेला, २०२२ चा उत्तम मार्गदर्शक. तरी त्या हंगामात संघ ओळीने २८ सामने हरला. ८२ पैकी १४ विजय मिळाले, आणि सहा वर्षांचा करार एका वर्षात मोडला. नंतर आलेल्या जे. बी. बिकरस्टाफ यांच्या हाताखाली २०२४-२५ मध्ये ४४ विजय मिळाले. मात्र त्याच उन्हाळ्यात कारभारी बदलले होते आणि काही जाणते खेळाडूही संघात घेतले होते, हे विसरून चालणार नाही. तेव्हा विल्यम्स नालायक, असा निकाल देऊ नका. पिकलेल्या संघाला शिखरावर नेणे हे एक कौशल्य आहे आणि कोवळ्या संघाला चालावयास शिकविणे हे दुसरे. शिवाय नुसत्या कोवळ्या पोरांच्या मेळ्यात दोन-चार थोरले भाऊ नसतील, तर एकटा मार्गदर्शक काय करणार?

आणि धीर धरला म्हणजे फळ पेरणाऱ्यालाच मिळते, असेही नाही. फिलाडेल्फियाने २०१३ मध्ये ब्रेट ब्राऊन यांना नेमले. त्यांचे पहिल्या तीन वर्षांतले विजय १९, १८ आणि १०. तरी त्यांना ठेवले. २०१७-१८ मध्ये ५२ विजय आले. पण अजिंक्यपद काही आले नाही, आणि २०२० मध्ये त्यांनाही निरोप मिळाला. सर्वांत वाईट दिवस ज्याने काढले, त्याच्या नावावर मुख्यतः ते वाईट दिवसच उरले.

म्हणून अशा संघाच्या निवड समितीने उमेदवाराला ‘तुम्ही किती सामने जिंकलात?’ एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या हाताखाली कोणता खेळाडू काय होता आणि काय झाला, हे पाहावे. वीस हारींनंतरही तो एकविसाव्या दिवशी सरावाला वेळेवर आणि शांत मनाने येतो का, याची चौकशी करावी. व्यवस्थापक आणि तो एकाच वाटेने चालणार आहेत का, हे आधी बोलून घ्यावे. आणि शेवटचा प्रश्न समितीने स्वतःला विचारावा: आम्ही याला वेळ देणार आहोत का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर माणूस कितीही चांगला आणा, त्याचा उपयोग नाही.

हा खेळच मुळी एका शिक्षकाने काढलेला आहे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या भिंतीवर टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात मार्गदर्शक झाले. तिथला त्यांचा हिशेब ५५ विजय आणि ६० हारी. कॅन्ससच्या मार्गदर्शकांत हारी अधिक असलेले तेच एकटे, खुद्द खेळाचे जनक! पण त्यांच्या हाताखाली फॉरेस्ट ॲलन तयार झाले. ॲलन यांनी त्याच विद्यापीठात ३९ हंगाम संघ सांभाळला, आणि त्यांच्या संघातून अडॉल्फ रप व डीन स्मिथ असे पुढचे थोर मार्गदर्शक निघाले. आता सांगा, नेस्मिथ यांचा हिशेब ६० हारींवर मिटवावयाचा, की त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांपर्यंत मोजावयाचा? एका वर्षाच्या निकालावरून शिक्षकाची पारख करण्यापूर्वी आपल्या शाळा-समित्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा.