परदेशातल्या घरी पाटोडीचा रस्सा

साखरखेर्ड्यासारख्या गावांतल्या लेकीही आता शिकायला, कामाला परदेशी जायचं म्हणतात. तिथे पहिले काही महिने पुष्कळ जणी एखाद्या कुटुंबात राहतात. त्या घरानं आपल्याला जेवू घातलं, की एक दिवस आपल्या हातचं त्यांनाही खाऊ घालावं असं वाटतंच. ते नीट कसं जमवायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

ही वाट जुनी आहे. 1883 साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कारपेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात ठेवून घेतलं. आनंदीबाईंनी शाकाहार आणि साडी सोडली नाही. पुढे फिलाडेल्फियाला कॉलेजात शिकताना तिथल्या थंडीत त्या स्वतःच रांधून खात. 1886 ला त्या डॉक्टर झाल्या, पण प्रकृती ढासळली होती. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा वयाला 22 वर्षंही पूर्ण नव्हती. त्यांच्या अस्थी कारपेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. परक्या घराशी माया अशी जुळते. म्हणून परदेशी जाणाऱ्या लेकीला दोन पदार्थ नीट करता आलेच पाहिजेत, स्वतःसाठीही आणि त्या घरासाठीही.

आता कामाचं. पहिली गोष्ट, आधी विचारायचं. आपल्या भाजीत शेंगदाण्याचा कूट असतोच. पण काही लोकांना शेंगदाणा किंवा तीळ चालत नाही. चिमूटभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो, जीवही जाऊ शकतो. काहींना गहू चालत नाही. त्यांना ज्वारीची भाकरी चालते, मात्र गहू दळणाऱ्या गिरणीतलं पीठ नको. डबीतल्या हिंगातही बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट, बॅग भरताना जपा. रश्श्याला आपण खसखस वाटतो, पण दुबई आणि सिंगापूरला खसखशीवर बंदी आहे. सापडली तर पोलिसांचा ससेमिरा लागतो. तूप, लोणचं, बी-बियाणं, फळं यांचे नियम देशागणिक वेगळे. ते निघण्याआधी बघावेत आणि जवळ खाण्याचं काही असेल तर विमानतळावरच्या फॉर्मवर खरं लिहावं.

पदार्थ कोणता? आम्ही पाटोडी सुचवतो. बेसन, कांदा, लसूण, हळद आणि सांभार बहुतेक मोठ्या शहरांत मिळतं. फक्त दुकानात सांभार मागू नका, कोथिंबीर म्हणा, नाहीतर इडलीबरोबरचं सांबार हाती येईल.

एक वाटी बेसन दोन वाट्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, हळद, थोडं तिखट घालून त्यात हे पीठ ओता. मीठ घाला आणि मंद आचेवर सतत घोटत राहा. गोळा कडेनं सुटला की तेल लावलेल्या ताटात थापा, वर सांभार भुरभुरा, गार झाल्यावर वड्या कापा. रस्सा वेगळा करा. भाजलेला कांदा, खोबरं, लसूण वाटून तेल सुटेपर्यंत परता, मसाला आणि गरम पाणी घालून उकळा. वड्या कमी तिखट ठेवा. रस्सा वाटीत द्या, म्हणजे ज्याला जेवढा झेपेल तेवढा तो घेईल.

तिथल्या स्वयंपाकघराचीही रीत असते. छताला धुराचा अलार्म असतो. आपली फोडणी कडकडली की तो वाजतो, म्हणून आधी खिडकी उघडा, पंखा लावा. इंडक्शन शेगडीवर लोखंडी तवा चालतो, साधा ॲल्युमिनियमचा चालत नाही. उरलेलं तेल मोरीत ओतू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी तुटते. मग उकळतं पाणी घालून मळा.

आणि मायांनो, लेक निघायच्या महिनाभर आधी चूल तिच्या हाती द्या. आपण "अंदाजानं टाक" म्हणतो, पण तो अंदाज तिच्याबरोबर जात नाही. वाटी-चमच्याचं माप तिच्याकडून वहीत लिहून घ्या आणि तिच्या हातची पाटोडी घरच्या सगळ्यांना वाढा. पोरालाही शिकवा, परदेशी भूक त्यालाही लागतेच.