'काही अडचण नाही' असे सांगू नका!

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दवाखाना बंद करता करता एक बाई आपल्या सव्वीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाला मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो स्टोअरमध्ये मालाच्या आवक-जावकीची नोंद ठेवतो. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे तज्ज्ञांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले. तो चार वर्षांचा असताना हीच आई "कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो, डोळ्याला डोळा देत नाही" असे सांगत आली होती. "मोठा झाला की सुधारेल" म्हणून मी तिला परत पाठवले. ती चूक माझी. थोडी फेड व्हावी म्हणून आजचा हा विषय.

मुलगा म्हणाला, "डॉक्टरकाका, पंधरा दिवसांनी कंपनीत एक बाई येणार आहेत. मला कामावर काय मदत लागते ते विचारणार. मी नापास झालो तर काढून टाकतील का?"

ही परीक्षा नव्हे

वाचकहो, काही जणांच्या मेंदूची घडणच जन्मतः वेगळी असते. स्वमग्नता, अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, वाचन-लेखनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, हे त्याचे प्रकार. हा वेडेपणा नव्हे, आळसही नव्हे. अशा माणसाला कामाच्या जागी नेमके काय अडते आणि काय केल्याने ते सुटेल, हे पाहण्यासाठी ही भेट असते. तीत रोगाचे निदान होत नाही आणि कोणाला पास-नापासही करत नाहीत. अपंगत्वाची टक्केवारी ठरवणारे सरकारी प्रमाणपत्र ही निराळी गोष्ट. ते जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी नेमलेल्या डॉक्टरांकडून मिळते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत; एडीएचडीचे नाव मात्र स्वतंत्रपणे नाही. सरकारी आस्थापनेने अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या आहेत. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनेनेही कोणत्या सोयी देणार हे आपल्या समान संधी धोरणात लिहायचे आहे. आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. मात्र वाजवी सोयींना ती अट लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली लेखनिक मागणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात स्पष्ट केले.

खरी गोम कुठे आहे?

मी त्या मुलाला सहज विचारले, "कामावर काही त्रास होतो का रे?" तो चटकन म्हणाला, "नाही, सगळं ठीक आहे." आई डोळे पुसू लागली. रोज घरी आल्यावर हा तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहतो आणि दोनदा राजीनामा लिहून बसला होता, हे तिच्याकडून कळले.

ही माणसे खोटे बोलत नाहीत. लहानपणापासून बोलणी खाल्ल्यामुळे त्रास लपवायची सवय जडलेली असते. शिवाय "त्रास होतो का?" हा प्रश्न इतका मोघम की उत्तर सुचतच नाही. म्हणून तयारी लागते.

तयारी अशी करावी

पहिले, साधी वही घ्यावी आणि दहा-पंधरा दिवस रोज चार ओळी लिहाव्यात. कोणते काम, किती वाजता, काय अडले, काय केल्यावर सुटले? लिहिणे जमत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवावे. एडीएचडीची गोळी चालू असेल तर तिचा असर किती वाजता ओसरतो तेही टिपावे.

दुसरे, तक्रार नेमकी सांगावी. "गोंगाट सहन होत नाही" एवढ्याने भागत नाही. आमच्या मुलाच्या वहीत पुढे असे निघाले: "दाराशी बसलो की फोर्कलिफ्टच्या भोंग्याने आकडा चुकतो, तीच यादी तीनदा तपासतो. आतल्या टेबलावर एकदाच तपासतो." यात उपाय आपोआपच आला.

तिसरे, जे चांगले जमते तेही लिहावे. कोणता सुटा भाग कोणत्या कप्प्यात आहे, हे याला तोंडपाठ.

चौथे, भेटीचे प्रश्न आधी लेखी मागावेत. सोबत घरचे माणूस किंवा विश्वासातला सहकारी आणू का, मध्ये पाच मिनिटे बाहेर जाऊन येऊ का, हे आधीच विचारून ठेवावे. उत्तर लगेच सुचले नाही तर "विचार करून लिहून देतो" म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

पाचवे, भेटीपूर्वी एकदा आपल्या डॉक्टरांना भेटावे. चष्म्याचा नंबर, कान, झोप, रक्तातील हिमोग्लोबिन, मनाची उदासी हे पाहून घ्यावे. थकव्याचे कारण कधी कधी तिथेच सापडते. त्या दिवशी गोळी चुकवू नये, मनाने वाढवूही नये.

आणखी एक. त्रास फुगवून सांगू नका आणि झाकूही नका. कामाशी संबंध नसलेली घरची वा आजाराची माहिती सांगण्याची सक्ती नाही. शेवटी काय ठरले ते लेखी मागून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहायला सांगा.

काय मागता येते?

बऱ्याच सोयींना पैसाही लागत नाही. तोंडी हुकमाऐवजी चिठ्ठी, एका वेळी एकच काम, पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी सूचना, भिंतीकडची जागा, कानाला आवाज रोखणारी टोपणे, डिस्लेक्सिया असेल तर मजकूर वाचून दाखवणारा संगणक, कामाची आठवण देणारा मोबाइलचा गजर.

साहेब लोकांनाही विनंती आहे. "इतरांनी काय घोडे मारले?" असे म्हणू नका. चष्मेवाल्याला चष्मा दिला म्हणून इतरांवर अन्याय होत नाही.

त्या मुलाने वही पुढे केली आणि आलेल्या बाईंनी ती शांतपणे वाचली. त्याचे टेबल आत गेले, सुपरवायझर आता चिठ्ठीवर काम लिहून देतात. भोंगा काही बंद झाला नाही, होणारही नव्हता. पण परवा आई सर्दीचे औषध न्यायला आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, हल्ली तो घरी आल्यावर आमच्यात बसून चहा पितो."

तुमच्या घरात असा कोणी असेल तर आजच एक वही आणून द्या.