कार्डाच्या पाठीमागचं गणित

मध्यम किंवा चढ्या किमतीचं कुठलंही नवं ग्राफिक्स कार्ड घ्या आणि त्याची मागची धातूची पट्टी पाहा. बहुधा तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय दिसेल. टीव्हीला एचडीएमआय लागतं, स्वस्त मॉनिटरलाही बहुतेक वेळा तेच असतं. मग कार्डावर ते एकच का?

याचं उत्तर म्हणून रॉयल्टीकडे बोट दाखवलं जातं. एचडीएमआय वापरणाऱ्या उत्पादकाला वार्षिक शुल्क भरावं लागतं, शिवाय प्रत्येक नगामागे १५ सेंट. लोगो छापला तर तेच ५ वर येतात आणि एचडीसीपी हे संरक्षणही बसवलं तर ४ सेंटवर. पण ही आकारणी नगामागे आहे, पोर्टामागे नाही. एक एचडीएमआय दिलं काय नि तीन दिली काय, रॉयल्टी तेवढीच.

खरं कारण डिस्प्लेपोर्टच्या स्वभावात आहे. कार्डावरचा डिस्प्लेपोर्ट सहसा दुहेरी पद्धतीचा असतो. त्यात साधा अ‍ॅडॉप्टर लावला की एक पिन ते ओळखते आणि चिप त्याच तारांवरून एचडीएमआयच्या पद्धतीचा सिग्नल सोडू लागते. अ‍ॅडॉप्टरला फक्त विद्युतदाबाची पातळी बदलायची असते, म्हणून तो स्वस्तात मिळतो. उलट दिशेला हे जमत नाही. एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालवायचा तर रूपांतर करणारी वेगळी चिप आणि तिला वीज लागते. म्हणजे उत्पादकाने डिस्प्लेपोर्ट दिला तर ग्राहकाला दोन्ही वाटा खुल्या राहतात, एचडीएमआय दिलं तर एकच. साध्या अ‍ॅडॉप्टरची धाव मात्र ४के चित्रासाठी ३० हर्ट्झच्या आसपास संपते. टीव्हीला पूर्ण वेग हवा असतो, म्हणून एक खरंखुरं एचडीएमआय ठेवावंच लागतं.

पोर्ट किती द्यायचे, याचा पहिला निर्णय कार्ड बनवणाऱ्याच्या हातात नसतोच. तो चिप आखतानाच होऊन जातो. एका वेळी जितके पडदे चालवायचे, तेवढी सर्किटं चिपमध्ये असावी लागतात आणि बाहेर सिग्नल पाठवणारा भाग चिपच्या कडेची जागा खातो. बाकीची सर्किटं नव्या तंत्रात जितकी आक्रसतात, तितका हा भाग आक्रसत नाही. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी आठवा. जानेवारी २०२२मध्ये १९९ डॉलरला आलेल्या या कार्डाला दोनच पोर्ट होते. त्याची छोटी चिप मुळात लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवून आखलेली होती, आणि दोनपेक्षा जास्त पडदे चालवण्याची सोय तिच्यातच नव्हती. कार्ड बनवणाऱ्याने कितीही मनात आणलं तरी तिसरा पोर्ट जोडता आला नसता.

त्यानंतर प्रश्न येतो वेगाचा, आणि खर्चाची खरी झळ तिथेच बसते. ४के चित्रात ८२,९४,४०० पिक्सेल असतात. सेकंदाला १२० चित्रं आणि प्रत्येक पिक्सेलला ३० बिट धरले, तर सेकंदाला जवळपास ३० अब्ज बिट होतात. डिस्प्लेपोर्ट १.४ची कागदावरची क्षमता ३२.४ गिगाबिट असली, तरी सांकेतिक भार वजा जाता हाती २५.९२ उरतात. चित्र मावत नाही. मग ते डीएससी या तंत्राने दाबून पाठवायचं. हे दाबणं डोळ्यांना सहसा जाणवत नाही. या भरवशावर एनव्हिडियाने २०२२च्या आरटीएक्स ४० मालिकेतही १.४च ठेवलं, आणि डिस्प्लेपोर्ट २.१चा ८० गिगाबिटचा पूर्ण वेग २०२५च्या ५० मालिकेत दिला.

एएमडीचा निर्णय आणखी बोलका आहे. २०२२च्या अखेरीस आलेल्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सला डिस्प्लेपोर्ट २.१ मिळालं, पण ५४ गिगाबिटचं. तीच ‘नवी ३१’ नावाची चिप लावलेल्या रेडिऑन प्रो डब्ल्यू७९००ला मात्र पूर्ण ८० गिगाबिट दिले. बाजारात आले तेव्हा पहिल्याची किंमत ९९९ डॉलर होती, दुसऱ्याची ३,९९९. पूर्ण वेगात प्रत्येक मार्गिकेवरून सेकंदाला २० अब्ज बिट धावतात. तिथे जोडीतल्या दोन तांब्याच्या रेषांची लांबी जराशी कमी-जास्त झाली तरी सिग्नल बिघडतो. बोर्डाचा कच्चा माल, कनेक्टर, चाचण्या, सगळंच वरच्या दर्जाचं घ्यावं लागतं. केबलही लांब चालत नाही. घरगुती ग्राहकाकडे तेवढ्या वेगाचा मॉनिटर नसताना हा खर्च त्याच्या माथी न मारणं मला रास्त वाटतं.

काही पोर्ट आले आणि गेले. २०१८च्या आरटीएक्स २० मालिकेत आभासी वास्तवाच्या हेडसेटसाठी व्हर्च्युअललिंक नावाचा यूएसबी-सी पोर्ट आला. त्याला २७ वॅटपर्यंत वीज पुरवावी लागे, म्हणजे बोर्डावर वीजपुरवठ्याचे जादा भाग आले. हेडसेट बनवणारे त्याकडे वळले नाहीत, आणि २०२०च्या मालिकेत तो पोर्ट दिसला नाही. व्हीजीए मोठ्या कार्डांवरून त्याआधीच गेलं होतं. जुना प्रोजेक्टर चालवायचा असेल तर जीटी ७१०सारखी साधी कार्डं किंवा चिप असलेला अ‍ॅडॉप्टर हाच मार्ग.

इथवरच्या निवडी समजण्यासारख्या आहेत. खोक्यावरचा मजकूर मात्र नाही. डिस्प्लेपोर्ट २.१ हे नाव ४०, ५४ आणि ८० गिगाबिट या तिन्हींना चालतं. एचडीएमआय २.१ लिहिलेल्या वस्तूत ४८ गिगाबिट असतीलच असं नाही, कारण त्यातल्या बऱ्याच सुविधा ऐच्छिक आहेत. उत्पादकाने काय वाचवलं, हे ग्राहकाला कळायलाच हवं. म्हणून कार्ड घेताना आवृत्ती विचारू नका, गिगाबिट विचारा. आकडा खोक्यावर नसेल तर उत्पादकाच्या तांत्रिक तक्त्यात शोधा, आणि तिथेही सापडला नाही तर दुसरं कार्ड बघा.