वनौषधींची उलटतपासणी, लेखांक ६ : भुईआवळी आणि जुनाट हिपॅटायटिस

पहिला पाऊस झाला की बांधावर, कुंडीत, अगदी फरशीच्या फटीतही भुईआवळी उगवते. पाने आवळ्यासारखी, आणि फांदी उलटी केली की खालून बारीक फळांची रांग. कावीळ झाली की ही मुळासकट उपटायची, वाटायची आणि ताकातून द्यायची, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. माणूस बरा होतो, हेही खरे.

मेख इथेच आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते. (गरोदरपणातला ई मात्र जिवावर बेतू शकतो, तिथे पाल्यावर विसंबू नये.) त्या आठवड्यांत जे काही पोटात गेले, त्याला श्रेय मिळते. औषधाचा कस लागतो तो जुनाट आजारात. हिपॅटायटिस बी सहा महिन्यांहून अधिक काळ अंगात मुक्कामाला राहिला, की रक्तातले त्याचे सरफेस अँटिजेन (विषाणूच्या पृष्ठभागावरचे, संसर्गाची खूण मानले जाणारे प्रथिन) आपोआप नाहीसे होण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात साधारण एक, इतके कमी.

म्हणूनच १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मद्रासच्या निबंधाने खळबळ उडाली. एस. पी. त्यागराजन यांच्या गटाने हिपॅटायटिस बीच्या जुनाट वाहकांना भुईआवळीची वाळवलेली पूड, २०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, महिनाभर दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तात अँटिजेन सापडेनासे झाले. औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्या २३ जणांत असा एकच. लेखकांत बरुच ब्लुमबर्गही होते. याच विषाणूच्या शोधामुळे १९७६ चे नोबेल मिळालेले हे गृहस्थ, तेव्हा ‘वैदूचा दावा’ म्हणून हसण्यावारी नेण्याची सोय उरली नाही.

मग इतरांनी तेच करून पाहिले. थायलंडमध्ये १९९० साली, न्यूझीलंडमध्ये १९९४ साली. दोन्हीकडे अँटिजेन जागच्या जागी. कुणी म्हणाले जात वेगळी, कुणी म्हणाले माती वेगळी. यात तथ्य असू शकते, कारण भुईआवळीच्या नावाखाली फायलॅन्थस या प्रजातीतल्या तीन-चार सारख्या दिसणाऱ्या जाती विकल्या जातात. पण मला हे समर्थन अपुरे वाटते. गुण एका गावच्या मातीपुरता असेल, तर बाजारातल्या डबीवर तो कशाच्या जोरावर छापायचा? २०११ साली वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेने सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या. तिलाही खात्रीलायक पुरावा मिळाला नाही.

‘निदान अपाय तरी नाही’ हा युक्तिवादही वनौषधींना सरसकट चालत नाही. दुसऱ्या एका वनौषधीचे उदाहरण पाहा. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, तो वाद वेगळा. पण ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे, त्याने चूर्ण सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आणि टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर हे विषाणूरोधक औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये. विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकते.

चूर्णाने एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम नॉर्मल झाल्याचा रिपोर्ट कुणी दाखवला, तर एचबीव्ही डीएनएचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीचा, रिपोर्ट मागावा. जुनाट हिपॅटायटिस बीमध्ये एसजीपीटी औषधाविनाही वरखाली होत असते, आणि ते नॉर्मल असतानाही विषाणू रक्तात असू शकतो.