टेलोमिअर : आयुष्याची दोरी?

'आयुष्याची दोरी बळकट' असे आपण सहज म्हणतो. शरीरातील बहुतेक पेशींमध्ये ४६ गुणसूत्रे असतात आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर नावाचे संरक्षक टोपण असते. बुटाच्या नाडीचे टोक उसवू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे आवरण असते, तसेच हे.

पेशीचे विभाजन होताना हे टोपण किंचित झिजते. मानवी पेशी प्रयोगशाळेत साधारण ४० ते ६० वेळा विभागून थांबतात, असे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवले. थांबलेल्या पेशी दाह वाढवणारी द्रव्ये स्रवतात आणि ऊतींची दुरुस्ती मंदावते. आखूड टेलोमिअरचा हृदयविकाराशी संबंध आढळतो. जन्मतःच ते फार आखूड असल्यास फुप्फुसे व अस्थिमज्जा यांचे गंभीर आजार संभवतात.

ही झीज भरून काढणारे टेलोमरेज हे विकरही निसर्गाने दिले आहे. या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र बहुतेक कर्करोगाच्या पेशीही याच विकराच्या बळावर अमर्याद वाढतात. म्हणून 'टेलोमिअर वाढवणाऱ्या' गोळ्यांच्या मागे लागू नये. निरोगी व्यक्तीने त्यांची लांबी मोजून घेतल्यानेही उपचारात फरक पडत नाही. तोच खर्च रक्तदाब, साखर आणि डोळ्यांच्या तपासणीवर करावा.

घरातील रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी मात्र २००४ चा एक अभ्यास जरूर लक्षात ठेवावा. एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी ५८ मातांची तपासणी केली. त्यांतील अनेकींची मुले दीर्घकाळ आजारी होती. ज्यांना सर्वाधिक ताण जाणवत होता, त्यांचे टेलोमिअर कमी ताण असलेल्या मातांपेक्षा किमान दहा वर्षांच्या वार्धक्याइतके आखूड होते. शुश्रूषेची वर्षे जितकी अधिक, तितकी झीजही अधिक दिसली. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्याची झोप ही चैन समजू नये. रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या घरातील सर्वांनी वाटून घ्याव्यात. त्या व्यक्तीला रोज अर्धा तास मोकळेपणाने चालायला मिळावे आणि तिचा स्वतःचा रक्तदाबही वेळेवर तपासला जावा. ज्येष्ठांनीही सून-मुलीला आठवड्यातून एक दिवस आपणहून म्हणावे, "आज तू जरा बाहेर जाऊन ये, मी बरा आहे." हे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही, ते घरातच द्यावे लागते.