द्वत्तिंसाकारातील मेंदूचे स्थान

खुद्दकपाठातील ‘द्वत्तिंसाकार’ हा पाठ म्हणजे मानवी शरीराच्या बत्तीस भागांची यादी होय. श्रामणेर प्रव्रज्येच्या वेळी केस, लोम, नखे, दात व त्वचा हे पहिले पाच भाग ‘तचपंचक’ म्हणून दिले जातात. उरलेले सत्तावीस बहुधा ग्रंथातच राहतात. पालीचे विद्यार्थी आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात. मज्झिम निकायातील सतिपट्ठान सुत्तात हीच यादी मोजली, तर भाग एकतीसच का भरतात?

सुत्तातील यादीत ‘मत्थलुंग’ म्हणजे मेंदू नाही, हे त्याचे उत्तर. खुद्दकपाठात तो आहे. पण काही आवृत्त्यांत विसावा, तर काहींत अगदी शेवटी, मूत्रानंतर! विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी मेळ घातला तो असा, की सुत्तात मेंदूचा समावेश अट्ठिमिंजेत, म्हणजे अस्थिमज्जेत, झाला आहे असे समजावे. कवटी हे हाड, तेव्हा तिच्या आतील मऊ द्रव्य ही मज्जा, असा हा विचार दिसतो. आपली मराठीही याबाबतीत बुद्धघोषांच्याच पंक्तीत बसते. ‘मज्जासंस्था’ व ‘मज्जारज्जू’ हे शब्द आपण आजही वापरतो.

शरीरशास्त्र मात्र या दोहोंना निराळे मानते. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. मेंदू चेतापेशींचा बनलेला असून प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे १.४ किलो असते. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे एक पंचमांश एकटा मेंदूच वापरतो.

मग मनाचा आश्रय कोठे? विसुद्धिमग्ग सांगतो, हृदयात. कमळकळीसारख्या हृदयाच्या आत पुन्नागाच्या बीएवढी पोकळी, तीत अर्धा पसा रक्त, आणि त्या रक्ताच्या आश्रयाने मनोधातू व मनोविज्ञानधातू. येथे एक गोष्ट अभ्यासकांनी नीट ध्यानात घ्यावी. अभिधम्मातील पट्ठान हा ग्रंथ मनाला आश्रय देणाऱ्या ‘रूपा’चा उल्लेख करतो, पण ते रूप कोणते हे सांगत नाही. हृदयाचे नाव तेथे अट्ठकथाकारांनी घातले. मूळ ग्रंथाने मोकळी ठेवलेली जागा नव्या ज्ञानाने भरण्यास कोणाची हरकत असू नये. उलट, प्राचीनांना सारे शरीरशास्त्र अवगत होते असा दावा करणे आम्हांला तितकेच गैर वाटते.

विसुद्धिमग्गाची धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० मध्ये अंधेरीहून प्रसिद्ध केली. याच उपनगरांपैकी मुलुंड येथील फोर्टिस रुग्णालयात ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेले हृदय एका तरुणाच्या छातीत बसविण्यात आले. तत्पूर्वी १९६८ साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदयारोपण केले होते. तो रुग्ण काही तासच जगला. हृदय बदललेला मनुष्य शुद्धीवर येतो तो स्वतःच्याच आठवणी घेऊन. चार कप्प्यांचा हा स्नायू विश्रांतीतही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवितो. मनाचे आसन तो नव्हे.

ही चर्चा केवळ ग्रंथापुरती नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. श्वसनाचे नियंत्रण मस्तिष्कस्तंभाकडे असते. तो मृत झाल्यावर श्वास आपोआप चालत नाही. पण हृदयाच्या ठोक्याचा उगम हृदयातच असल्यामुळे, कृत्रिम श्वसनयंत्राने प्राणवायू मिळत राहिला तर ते काही काळ धडधडत राहते. अंग उबदार लागते, छाती हलते, आणि डॉक्टर मृत्यू झाला म्हणतात. अशा वेळी एखादा उपासक महावेदल्ल सुत्ताचा आधार घेऊन विचारील, की आयू, उष्मा आणि विज्ञान या तिहींनी देह सोडला म्हणजे मृत्यू. येथे उष्मा तर आहे! शंका रास्त आहे. मात्र ती उष्मा यंत्राने पुरविलेल्या श्वासावर टिकलेली आहे, आणि असे यंत्र सुत्तकाळी नव्हते. विज्ञानाचा आश्रय असलेला मेंदू पुन्हा कार्य करणार नाही, हे मात्र तपासता येते. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचे मंडळ ही तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करते, आणि त्यानंतरच नातेवाइकांच्या संमतीने अवयव काढता येतात.