डीएनडी लावलंय, तरी मेसेज का येतात?

माझी आत्या बडोद्याला असते, वय एकाहत्तर. तीन वर्षांपूर्वी मीच तिच्या फोनवर डीएनडी लावून दिलं आणि म्हणालो, "आत्या, आता कटकट बंद." गेल्या पावसाळ्यात तिला मेसेज आला: मागचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, या नंबरवर फोन करा. तिनं केला. पलीकडच्यानं एक अ‍ॅप टाकायला लावलं. त्यातून त्याला तिच्या फोनचा स्क्रीन दिसू लागला आणि खात्यातून अठरा हजार गेले. नंतर ती एवढंच म्हणाली, "अरे, तू बंद केलं होतंस ना? मला वाटलं, आता जो येतोय तो खराच असेल."

चूक माझी होती. डीएनडी काय थांबवतं ते मी सांगितलं, काय थांबवत नाही ते सांगितलंच नाही. आज तेच बघू.

आधी हे मेसेज येतात का? कारण पाठवायला जवळजवळ काही लागत नाही. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या अमेरिकी विक्री अधिकाऱ्यानं कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. लोक चिडले, पण गणित तेव्हाच ठरलं. समजा, लाख मेसेज टाकले आणि दोघेच फसले, तरी पाठवणारा फायद्यात. उरलेल्या सगळ्यांचा वेळ गेला, त्याचा खर्च त्याच्या हिशेबात येतच नाही.

आता आपल्याकडची व्यवस्था. ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला स्वतःची, आपल्या नावाची म्हणजे हेडरची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. तुम्ही १९०९ वर आपली पसंती नोंदवली, की या नोंदणीकृत कंपन्यांनी तुम्हाला जाहिराती पाठवायच्या नाहीत. बँकेचे व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी मात्र येतच राहतात, आणि ते यायलाच हवेत.

मेख इथेच आहे. डीएनडी म्हणजे दारावर लावलेली 'विक्रेत्यांना प्रवेश नाही' ही पाटी. ती वाचून सभ्य विक्रेता परत फिरतो. चोर पाटी वाचत नाही. तो साध्या दहा आकडी नंबरवरून मेसेज टाकतो.

म्हणून मेसेज आला की आधी पाठवणाऱ्याकडे बघा. नोंदणीकृत हेडरच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून यायला हवेत. बँक, विमा यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ची मालिका आहे. वीज तोडण्याची धमकी दहा आकडी मोबाइलवरून आली, तर तिथेच थांबा. अक्षर बरोबर असलं तरी मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका. जुनं बिल काढा, त्यावरचा नंबर लावा.

अनोळखी नंबरला 'स्टॉप' असं उत्तरही देऊ नका. त्यानं काही थांबत नाही, उलट हा नंबर चालू आहे आणि कोणीतरी वाचतंय, हे त्याला कळतं.

तक्रार मात्र करा. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर सात दिवसांच्या आत करता येते. २०२५च्या दुरुस्तीनंतर, नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध तक्रार करायला आधी डीएनडी लावलेलं असण्याची अट राहिलेली नाही. फसवणुकीचा संशय असेल, पण पैसे गेले नसतील, तर संचार साथीवरच्या 'चक्षू'मध्ये कळवा. पैसे गेले असतील तर १९३०, आणि तेही त्याच क्षणी. आत्यानं लाजेपोटी रात्रभर कुणाला सांगितलं नाही. आम्ही सकाळी फोन केला, तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते.

तेव्हा आज घरातल्या मोठ्यांच्या फोनवर डीएनडी जरूर लावा, पण सोबत दोन वाक्यंही सांगा: "हे लावलं तरी खोटे मेसेज येतील. आणि काही झालं तर मला लगेच सांग, मी रागावणार नाही." त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.